ही इज माय सिस्टर



गेल्या पंधरवड्यात एका वाचक भगिनीचं पत्र आलं. पत्र कसलं, गाऱ्हाणंच होतं. मुलगा तिसरीत, मराठी शाळेत. ‘माझे कुटुंब’ या विषयावर इंग्रजीत पाच वाक्यं लिहून आणायला सांगितली होती. त्यानं लिहिलं, ‘ही इज माय सिस्टर. दे आर माय ग्रँडफादर.’ दोन्ही वाक्यांवर लाल फुली आणि खाली शेरा, ‘घरी लक्ष द्यावे.’ बाई लिहितात, ‘माझं शिक्षण दहावीपर्यंत, तेही खेड्यात. मी काय डोंबलाचं लक्ष देणार? ह्यांना विचारलं तर ते मुलावरच ओरडतात. परवा त्याच्या पाठीत धपाटा बसला. तेव्हापासून इंग्रजीचं पुस्तक काढलं की त्याचं पोट दुखतं.’

पत्र दोनदा वाचलं आणि ठरवलं, या खेपेला लोणच्याचा विषय बाजूला ठेवायचा. (लोणच्यावर बुरशी येण्याबद्दल विचारणाऱ्या भगिनींनी एक आठवडा थांबावं. तोवर बरणी उन्हात ठेवा आणि आत ओला चमचा घालू नका.)

अहो, त्या लेकरानं काय चूक केली? ‘ही माझी बहीण’ असंच तर आपण म्हणतो. मराठीत ‘ही’ म्हणजे बाई. मग त्यानं बहिणीला ‘ही’ लिहिलं. इंग्रजीतला ‘ही’ नेमका पुरुष निघाला, त्याला तो काय करणार? आणि आजोबा! आजोबांना आपण ‘तो आला’ म्हणत नाही, ‘ते आले’ म्हणतो. ‘ते’ म्हणजे ‘दे’. पोरानं आजोबांचा मान राखला. इंग्रजीत मान राखायची ती सोयच नाही. तिथं आजोबाही ‘ही’, दूधवालाही ‘ही’ आणि महात्मा गांधीही ‘ही’.

ही इंग्रजी सर्वनामं आपल्या कानाला कशी ऐकू येतात, ते एकदा शांतपणे बघा. ‘मी’ म्हणजे आपला मी, त्यांचा मात्र ‘मला’. म्हणून मुलं ‘गिव्ह मी’चा अर्थ ‘मी देतो’ असा लावतात आणि हातातला खडू पुढं करतात. ‘दे’ म्हणजे आपलं ‘देऊन टाक’, त्यांचं ‘ते सगळे’. ‘शी’ म्हटलं की आपण नाकाला पदर लावतो, त्यांच्याकडे ती चांगली घरंदाज बाई असते. ‘हिम’ म्हणजे आपल्याकडे बर्फ. आणि सगळ्यात गोड म्हणजे ‘आय’ आणि ‘माय’. आपल्या खेड्यापाड्यांत दोन्हीचा अर्थ आई! खानदेशातल्या मुलाला ‘माय’ म्हणजे ‘माझं’ असं शिकवायचं झालं, तर त्याला आधी आईला बाजूला सारावं लागतं. मोठ्या माणसांना याची गंमत वाटते. सात वर्षांच्या मुलाला ती वाटत नाही. त्याला वाटतं, आपल्यालाच काही येत नाही.

हे मी पुस्तकात वाचून लिहीत नाही. माझ्या ओट्यावर घडलेलं आहे.

ह्यांची बदली काठीला झाली ते साल २००१. धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा होऊन (१ जुलै १९९८ ला झाला) तीनच वर्षं झाली होती. काठी म्हणजे अक्कलकुवा तालुक्यातलं, सातपुड्यातलं गाव. अक्कलकुव्याहून देवगोईचा घाट चढून मोलगीच्या बाजूला जायचं. त्या घाटात मला दर वळणावर माहेर आठवायचं. वस्ती भिल्लांची. घरातली बोली भिल्लीपैकी, बाजारात थोडी गुजराती, थोडी खानदेशी, आणि मराठी ती शाळेत आणि कचेरीत. राज्यातल्या मराठी शाळांतून पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं २००० साली. म्हणजे तिथल्या मुलांना मराठी अजून परकी होती, तोवर तिच्या पाठीवर इंग्रजीही येऊन बसली. संध्याकाळी चार-पाच मुली ओट्यावर यायच्या आणि मी स्वयंपाक करता करता त्यांचा अभ्यास घ्यायची.

पण त्याआधी शेजारची म्हातारी सांगायला हवी. सामान उतरवून आम्ही टेकलो न टेकलो, तोच ती आली आणि ह्यांना म्हणाली, ‘तू कुठला? ही तुझी बायको?’ ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. जन्मदात्या आईनंतर ह्यांना कुणी ‘तू’ म्हटलंच नव्हतं. माझी आई त्यांच्याहून पंचवीस वर्षांनी मोठी, तरी ‘अहो जावईबापू, तुम्ही हात धुता ना?’ असंच म्हणायची. मलाही आठवडाभर ते टोचलं. मग लक्षात आलं, म्हातारी मुलाला ‘तू’ म्हणते, देवाला ‘तू’ म्हणते, शेळीला ‘तू’ म्हणते आणि दारात तहसीलदार उभा राहिला तरी त्यालाही ‘तू’च म्हणते. आणि त्याच ‘तू’नं माझ्या तापात रोज सकाळी येऊन कपाळाला हात लावते. त्या बोलीत माणसाला लहान-मोठं मोजायचं माप सर्वनामात नव्हतंच, ते वागण्यात होतं. आपल्याकडे नेमकं उलटं असतं पुष्कळदा. तोंडात ‘अहोजाहो’ आणि वागणं विचारूच नका.

आता हेच एका मुलीला कसं भोवलं ते सांगते. शाळेचं नाव मी घेणार नाही, गावाचंही नाही. ओट्यावर येणाऱ्यांतली एक, आठ वर्षांची. सगळ्यांत बोलकी. शाळेत वरचे साहेब तपासणीला आले. सगळी मुलं गप्प, ही मात्र उठली आणि विचारलं, ‘तू लांबून आला का?’ पाहुण्याला दुसरं काय विचारायचं असतं? पण साहेबांच्या कपाळावर आठी पडली, आणि ते गेल्यावर मुलीला दिवसभर बाहेर उन्हात उभं केलं. ‘साहेबांना तू म्हणतेस?’ पोरीला आपण काय केलं हेच कळेना. त्यानंतर दीड-दोन महिने ती शाळेत कुणाशी बोलली नाही. माझ्या ओट्यावरसुद्धा नुसती बसून राहायची. पाटीवर लिहायची, वाचून दाखवायची नाही.

एका संध्याकाळी मी भाकरी थापत ‘यू’ शिकवत होते. म्हटलं, यू म्हणजे तू. यू म्हणजे तुम्ही. यू म्हणजे आपण. सगळ्याला एकच. ती पाटीवरून वर बघायला लागली. हळूच म्हणाली, ‘आईला पण यू?’ हो. ‘शेळीला?’ हो. मग बराच वेळ गेला. ‘साहेबाला?’

म्हटलं, साहेबाला पण.

‘मग इंग्रजीच शिकव,’ ती म्हणाली. ‘तिकडं मारत नाही.’

माझी भाकरी तव्यावर करपली, मैत्रिणींनो.

तेव्हा मला जे ठाऊक नव्हतं, ते नंतर वाचनात आलं. इंग्रजीतही पूर्वी ‘तू’ होता. ‘दाऊ’ म्हणायचे. एकाला ‘दाऊ’ आणि अनेकांना, किंवा मोठ्या माणसाला, ‘यू’ ह्या घराण्यातलं सर्वनाम. शेक्सपियरच्या काळात दोन्ही चालायची. मग सतराव्या शतकात लोक एकमेकांना जपून ‘यू’च म्हणायला लागले. न जाणो, कुणाला राग यायचा! ‘तू’ मागं पडत पडत प्रार्थनेत आणि काही खेड्यांत उरला. म्हणजे आपण मुलांना ‘यू म्हणजे तू’ असं शिकवतो, ते खरं उलटं आहे. यू म्हणजे तुम्ही. इंग्रज शेळीलासुद्धा ‘तुम्ही’ म्हणतो!

आणि त्याच सतराव्या शतकात तिकडे क्वेकर नावाचा एक ख्रिस्ती पंथ निघाला. त्यांचं म्हणणं, देवापुढं सगळी माणसं सारखी, तर आम्ही सगळ्यांना ‘तू’च म्हणणार. न्यायाधीशालाही ‘तू’, आणि त्याच्यापुढं डोक्यावरची टोपीही काढणार नाही. त्यापायी त्यांनी शिव्या खाल्ल्या, मार खाल्ला, अशा हट्टांपायी तुरुंगही पाहिले. हे वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं ती उन्हात उभी केलेली पोरगीच आली. क्वेकरांनी निदान ठरवून केलं होतं. हिनं नुसती चौकशी केली होती.

आता ‘वुई’कडे येते, कारण आपल्या संसारातली निम्मी भांडणं तिथं आहेत. इंग्रजीला ‘वुई’ एकच. आपल्याला दोन, ‘आम्ही’ आणि ‘आपण’. ‘आम्ही जेवायला बसतोय’ म्हटलं की दारातली शेजारीण मागं फिरते. ‘आपण जेवायला बसू’ म्हटलं की ती चप्पल काढते. नव्या नवरीची परीक्षा इथंच होते. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात मी म्हणून गेले, ‘आमच्याकडे आमटीत गूळ घालतात.’ सासूबाई काही बोलल्या नाहीत. रात्री भांडी आवरताना म्हणाल्या, ‘आमच्याकडे म्हणजे कुठं गं?’ रागावून नव्हे हो. खरंच विचारल्यासारखं. मी त्या रात्री रडले, आणि त्या का रडू देऊन निघून गेल्या हे मला स्वतःची सून आल्यावर कळलं. आमची सून पहिल्या वर्षी ‘तुमच्या आई’ म्हणायची, मुलाला. तिसऱ्या वर्षी एकदा नुसतं ‘आपल्या आई’ म्हणाली, तेही फोनवर, दुसऱ्याच कुणाशी बोलताना. मी स्वयंपाकघरात होते, ऐकलं नाही असं दाखवलं.

शिवाय ‘आपण’चे खेळ किती! ‘आपण कुठले?’ म्हणजे अतिआदरानं तुम्ही. ‘माणसानं आपण होऊन जावं’ म्हणजे स्वतः. आणि मुंबईचा पोरगा कॉलर ताठ करून ‘आपण कुणाला घाबरत नाय’ म्हणतो, तेव्हा तो एकटाच असतो.

काठीची होळी तुम्ही पेपरात पाहिली असेल. राजवाडी होळी म्हणतात. उंचच्या उंच बांबू उभा करतात. रात्रभर ढोल, पावऱ्या आणि नाच. डोक्यावर मोरपिसांचे टोप, कमरेला वाळलेले भोपळे आणि घुंगरं. गुजरातेतून आणि मध्य प्रदेशातूनही माणसं डोंगर उतरून येतात. आपल्याकडे होळी संध्याकाळी पेटते, तिथली पहाटे पेटते. पहिल्या वर्षी मी दारातूनच बघणार होते. म्हातारी आली, माझं मनगट धरलं आणि तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली, ‘चल. आपली होळी.’ तिनं ‘आमची होळी बघायला चल’ म्हटलं असतं तर मी पाहुणी म्हणून गेले असते. ‘आवर होली’ या इंग्रजी शब्दांत ह्यातलं कुठलं, ते कसं ओळखायचं, मला अजून समजलेलं नाही.

बरं, पत्र लिहिणाऱ्या भगिनीच्या मुलाला पुढं आकडेही येणार आहेत, आणि तिथं ‘वन’ दबा धरून बसलाय.

ओट्यावर मी एक बोट वर करून म्हटलं, ‘वन.’ एका मुलीनं डोंगराकडं बघितलं. नाक्यावर ‘वन विभाग’ अशी पाटी होती, तेवढं तिला वाचता यायचं. ‘टू’ म्हटलं तर तिनं माझ्याकडं बोट केलं. तू! झालं, वन-टू म्हणजे जंगल आणि मी. सगळ्या हसल्या, मीही हसले. ती गप्प राहणारी मुलगीसुद्धा त्या दिवशी हसली.

हा ‘वन’ म्हणजे मोठा बहुरूपी. आकडा तर आहेच, पण सर्वनामही आहे. ताटात दोन लाडू असले आणि मोठा हवा असला तर ‘द बिग वन’. आपण ‘मोठा’ म्हणून गप्प बसतो, त्यांना त्या मोठ्याला टेकू म्हणून ‘वन’ लागतो. त्याच्यापुढची कमाल बांगड्यांच्या दुकानात. लाल बांगड्या डझनभर हव्या असल्या तरी ‘द रेड वन्स’! एकाचं अनेकवचन! मुलं इथं हटकून विचारतात, एक अनेक कसा? विचारू द्या. आणि ‘माणसानं खोटं बोलू नये’ यातला ‘माणसानं’ म्हणजेसुद्धा ‘वन’. इतकंच नव्हे, नामाआधी लागणारे ते ‘अ’ आणि ‘अॅन’, ज्यांपायी आपण सगळ्यांनी छड्या खाल्ल्या, तेही जुन्या ‘वन’चेच झिजून उरलेले तुकडे. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं, बिचारा ‘अ’. पूर्वी एवढा मोठा होता.

आपला ‘एक’ तरी कुठं सरळ आहे? ‘एक होता राजा’ मधला एक कुणी मोजलेला नसतो. ‘दोन घास खाऊन जा’ म्हणायचं आणि पानात चार पोळ्या वाढायच्या. ‘चार लोक काय म्हणतील’ मधले चार आजवर कुणाला भेटलेले नाहीत. माझी आजी खळ्यावर धान्य मापताना ‘एक’ म्हणायचीच नाही, ‘लाभ’ म्हणायची. लाभ, दोन, तीन. अशी माणसं आपण, आणि मुलाला म्हणतो, आकड्यात काय अवघड आहे!

अवघड आहे हो. शेजारची म्हातारी मोहाची फुलं विकायची, तिचे पैशांचे हिशेब विसाविसांनी चालायचे. ऐंशी म्हणजे चार वीस. मला आधी ते अडाणीपणाचं वाटलं. मग आठवलं, आपल्याकडे कोडी म्हणजे वीसच की! आणि फ्रान्सचे लोक, एवढे शिकलेसवरलेले, ते आजही ऐंशीला ‘चार वीस’च म्हणतात. आमच्या मुली मात्र पंचवीसला ५२ लिहायच्या. कारण कानावर आधी पाच पडतो. एकोणसाठ म्हटलं की साठ ऐकू येतं आणि हात ६९ लिहितो. इंग्रजीत ‘ट्वेंटी फाइव्ह’ सरळ विसापासून निघतं, तिथं त्या कधी चुकल्या नाहीत.

म्हणून २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस एक, वीस दोन’ आलं आणि महाराष्ट्रभर गहजब झाला, तेव्हा माझी पंचाईत झाली. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर होत्या. मुलांना हे शब्द आणि त्यातली जोडाक्षरं जड जातात, असं त्यांचं सांगणं. २०२३ साली त्या गेल्या. घरात ह्यांचं मत, मराठीची वाट लावली. मला ‘सत्तावीस’ आवडतो, ‘त्रेसष्ट’ म्हणताना जिभेला व्यायाम होतो तोही आवडतो. पण मला ५२ लिहिलेल्या पाट्याही आठवत होत्या. जुने शब्द काही कुणी पुसले नव्हते, जोडीला सोपी वाट दिली होती. मी ह्यांना एवढंच म्हटलं, तुम्ही आधी एकोणनव्वद लिहून दाखवा बघू, न थांबता. त्यांनी लिहिलं. पण थांबले होते.

तर माझ्या भगिनी, तुमच्या मुलाकडे वळते. दहावी पुष्कळ झाली, त्याहून जास्त लागत नाही. पुस्तक आठवडाभर कपाटात ठेवा. घरातली माणसं समोर बसवा. बाबांकडे बोट, ‘ही’. ताईकडे बोट, ‘शी’. आजोबांकडे बोट करायला लावू नका, हात जोडायला लावा आणि मग ‘ही’ म्हणू द्या, म्हणजे त्याच्या मनातला मान कुठं तरी ठेवला जाईल. ‘मी’ शिकवताना लाडू हातात धरा. ‘गिव्ह मी’ म्हटलं तर लाडू मिळतो, हे एकदा कळलं की तो ‘मी देतो’ असं जन्मात समजणार नाही. आणि त्याला नक्की सांगा, तू मराठीत बरोबर होतास. हे त्याला अजून कुणी सांगितलेलं नाही. त्याच्या बाबांना हा अंक वाचायला द्या, चहाबरोबर.

ती ओट्यावरची मुलगी आता नर्स आहे. नंदुरबारला असते, दोन मुलं आहेत. होळीच्या आधी दरवर्षी फोन करते. यंदा केला तेव्हा म्हणाली, ‘बाई, तुम्ही कशा आहात? तब्येत सांभाळता ना?’ अगदी शुद्ध. पुण्याच्या मुलीनं बोलावं तसं. मला कसंसंच झालं. म्हटलं, अगं, मला तरी ‘तू’ म्हण.

ती हसली. ‘सवय गेली, बाई,’ म्हणाली. मग विचारलं, ‘होळीला येताय ना?’